माझ्या दारावरचा अंदाज

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो. रंग फिकट हिरवा, डाव्या कुशीवर एक पोचा आणि मुठीला दोन ठिकाणी चिकटपट्टी. फ्रिजने स्वभावाने थंड असावं अशी लोकांची अपेक्षा असते. पण आज मला जे सांगायचंय ते नुसतं आठवलं तरी माझी मोटर आपोआप सुरू होते. तेव्हा मध्येच घरघरलो तर सांभाळून घ्या.

मी राहतो तो देश वर्षाचे बारा महिने उकडतो. थंडी नावाचा महिनाच इथे नाही. मीठ डबीतल्या डबीत ओलं होतं, कपाटात ठेवलेल्या चपलांना आठवड्यात हिरवी लव येते, आणि दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही ‘अजून थोडा वेळ द्या’ म्हणतो. अशा हवेत फ्रिज म्हणून जन्म काढणं म्हणजे काय, ते माझं मलाच ठाऊक.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. आधी मी पत्र्याचा नुसता खोका होतो. मग भिंतींत फेस भरला, पाठीला काळी जाळी आली, पायाशी मोटर बसली. सगळ्यात शेवटी एका बाईने माझ्या दाराच्या कडेने मऊ पांढरं रबर बसवलं. अंगठ्याने दाबत, कोपरे नीट वळवत, बाळाला टोपडं बांधावं तसं. मग तिने कागदाची एक पट्टी दारात धरली, दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. पट्टी हलेना! वरून, खालून, दोन्ही बाजूंनी तिने तेच केलं आणि शेजारणीला म्हणाली, “पकड बघ याची! आतला गारवा कुठून जायचा नाही.” माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. ती पट्टी लक्षात ठेवा हं, मित्रांनो.

मला विकत घेतलं एका तरुण नर्सबाईंनी, पहिल्या पगारातून. त्यांच्या स्वयंपाकघरात मी चौदा वर्षं होतो. पाहुणे आले की बाई माझं दार उघडून दाखवायच्या, आत दोन लिंबं आणि एक दुधाची बाटली एवढंच असलं तरी. पुढे त्यांच्याकडे दोन दारांचा चंदेरी फ्रिज आला. मला तिघांनी मिळून त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चढवलं. डाव्या कुशीवरचा पोचा तेव्हाचाच. बाई आता घरमालकीणबाई झाल्या होत्या, आणि मी ‘सामानासह भाड्याने’ मधलं सामान.

भाडेकरू आले नि गेले. एकाने माझ्या पोटातला बर्फ सुरीने खरवडला, तो ओरखडा अजून आहे. पण एक भाडेकरू मात्र लाखात एक! जहाजावरचे आचारी होते ते. महिन्यातले वीस दिवस समुद्रावर आणि दहा दिवस घरी. निघताना माझा प्लग काढायचे, मला आतून कोरडं करायचे, रबराच्या घडीघडीतून ओलं फडकं फिरवायचे, आणि दार मिटू नये म्हणून फटीत लाकडी चमचा अडकवून ठेवायचे. “हवा खा, म्हातारबा,” म्हणायचे, “येतोच मी.”

एकदा ते कायमचे गेले. घर सात महिने रिकामं राहिलं. घर दाखवायला आलेल्या कुणीतरी तो चमचा उचलला आणि माझं दार धाडकन लावून टाकलं. बंद अंधारात ओल दाटली. रबराला काळे ठिपके पडले, ते कडक होत गेलं, आणि खालचा एक कोपरा आक्रसून आत वळला. कुणाला कळणार? बाहेरून मी होतो तसाच होतो.

आणि मग, मित्रांनो, ती तिघं आली!

बाबा पुलांचे नकाशे काढायचे आणि इथे त्यांना दोन वर्षांचं काम मिळालं होतं. आईला चौथा महिना होता. आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती सरळ चालतच नसे, फिरत फिरत यायची. आल्या आल्या तिने माझं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि ओरडली, “आई, याच्या पोटात दिवा आहे!” इतक्या वर्षांत माझ्या दिव्याचं कौतुक पहिल्यांदाच झालं. मी तिथल्या तिथे विरघळलो.

पहिल्याच रविवारी दुपारी बाबा कागद-पेन घेऊन माझ्यासमोरच्या टेबलाशी बसले. परक्या देशातलं पहिलं घर. भाडं ठरलेलं होतं, पण त्याच्यावर दर महिन्याला वीज, पाणी, गॅस आणि इंटरनेट किती, याचा अंदाज बांधायचा होता. घरमालकीणबाई खालून येऊन सांगून गेल्या होत्या, की आधीच्या भाडेकरूंचं विजेचं बिल एकशे वीस युनिटांच्या पुढे कधी गेलं नाही. खोटं नव्हतं ते. फक्त ते भाडेकरू वीस दिवस समुद्रावर असत, हे सांगायचं राहून गेलं.

“आणि आपल्या तिकडच्या बिलाची सरासरी धरली तर?” बाबांनी विचारलं.

“तिकडे चार महिने पंखासुद्धा लागत नाही. इथे सुट्टी नाही कुणाला,” आई म्हणाली. “एकेक वस्तू मोजू या. बोला.”

“पंखे तीन. दिवसभर. पंचेचाळीस युनिट.”

“एसी झोपताना दोन तास. साठ धरा.”

“दिवे पंधरा. धुलाई मशीन आणि इस्त्री?”

“कपडे वाळतायत कुठे इथे? अर्धे इस्त्रीनेच वाळवावे लागणार. तीस लिहा, कमी नको.”

“पाण्याची मोटर वीस. टीव्ही, मिक्सर, मोबाइल मिळून दहा. झाले एकशे ऐंशी.”

“आणि फ्रिज?” भिंगरीने विचारलं.

“फ्रिज घराबरोबरच आलाय, राणी,” बाबा म्हणाले. “तो भाड्यात धरलाय.”

आणि आई, एवढी हुशार आई, तिनेसुद्धा मान हलवली! अहो, भाड्यात मला धरलं होतं. मी जी वीज खातो ती कोणाच्या खात्यात? पण माणसं हाताने बटण दाबून जे लावतात तेवढंच मोजतात. जे सतत चालूच असतं ते कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. बाबांनी तो कागद लिंबाच्या आकाराच्या चुंबकाने माझ्या दारावर लावला. म्हणजे बघा, माझ्याच कपाळावर यादी, आणि यादीत मीच नाही!

त्या कागदाच्या तळाशी आईने एक ओळ लिहिली होती, तीच खरी महत्त्वाची. ‘२४० च्या आत — आजी.’ करार पहिले तीन महिने कच्चा होता. तिसऱ्या बिलापर्यंत विजेचा आकडा दोनशे चाळीस युनिटांच्या आत आला तर हे दोन खोल्यांचं घर परवडणार होतं, करार पक्का होणार होता, आणि आईची आई बाळ येण्याआधी येऊन सहा महिने राहणार होती. नाही आला तर एका खोलीचं घर बघायचं. त्या एका खोलीत आजीला झोपवणार कुठे? शिवाय तिकिटाचे पैसेही बिलातच जाणार.

आईने हे कधी मोठ्याने सांगितलं नाही. पण सकाळी दूध काढायला यायची तेव्हा ती ओळ वाचूनच माझं दार उघडायची.

भिंगरीचं म्हणाल तर तिने मला टपालपेटी करून टाकलं. आजीला रोज एक पत्र लिहायचं, माझ्या दाराच्या फटीत खोचायचं, आणि आईने ते काढून, फोटो घेऊन आजीला पाठवायचं. पहिले काही दिवस मी तिची पत्रं कशीबशी धरून ठेवली. पण तिने पेटीची जागा ठरवली होती माझ्या खालच्या कोपऱ्यापाशी, आणि तिथलं रबर दिवसेंदिवस आणखी आत वळत होतं. पत्र खोचलं की सर्रकन खाली.

“आई, फ्रिज माझी पत्रं थुंकतो!”

“वर खोच, सोन्या.”

“वर नाही! माझी पेटी खालीच आहे!”

खरं सांगू, मला इतकी शरम वाटली! कारण मला माहीत होतं काय झालंय ते. जिथून पत्र निसटत होतं तिथूनच गारवा निसटत होता, बाहेरची उकड आत येत होती, आणि माझी मोटर बिचारी क्षणभर न थांबता धावत होती. पायाशी पाण्याचं थारोळं साचायचं. मी घरघरून सांगत होतो, “मी! इकडे बघा, मी!” पण फ्रिजच्या घरघरीकडे कोण लक्ष देतं?

पहिलं बिल आलं. गॅस अंदाजाप्रमाणे. पाणी अंदाजाप्रमाणे. इंटरनेट ठरलेलंच. वीज तीनशे चाळीस!

बाबांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला काही सूट लिहिलेली असेल. मग घरात कडक शिस्त आली. एसी बंद. इस्त्री फक्त बाबांच्या शर्टाला. भिंगरी ओलसर मोज्यांनी शाळेत गेली. आई दुपारी फरशीवर पाठ टेकून पडायची आणि वहीच्या पुठ्ठ्याने वारा घ्यायची. उकडलं की सगळी येऊन माझं दार उघडून उभी राहायची, “अहाहा!” म्हणत. आणि मी आणखी धापा टाकायचो.

दुसरं बिल तीनशे दहा.

“एवढं सगळं बंद करून तीसच कमी?” बाबांचा आवाज चिरकला. “मी उद्या ते एका खोलीचं घर बघून येतो.”

 आईने माझ्या दारावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच धरून ठेवलं. मला त्या बोटाची ऊब पत्र्यातून कळली. मित्रांनो, तेव्हा मला स्वतःचा प्लग स्वतःच ओढावासा वाटला.

त्याच रविवारी सकाळी आईने पदर खोचावा तसा गाऊन सावरला आणि हुकूम सोडला. “घर बघायला जायच्या आधी एक करू. घरातलं प्रत्येक बटण बंद करायचं. मग मीटर बघायचं. तिथे लाल डोळा मिचकावतो ना, तो थांबायला हवा.”

मीटर होतं जिन्याच्या वळणावर. भिंगरीला तिथे उभं केलं. पंखे बंद, दिवे बंद, टीव्ही बंद, पाण्याची मोटर बंद. बाबा खोल्याखोल्यांतून धावत होते, एखादी लढाई असल्यासारखे.

“थांबला का गं डोळा?”

“नाही! मिचकावतोय! एक, दोन, तीन...” भिंगरी मोजायला लागली. “बारा म्हटलं की परत मिचकावतो!”

बाबा धावत जिन्यात आले. पाहिलं. खरंच होतं. सगळं बंद, तरी दर बारा सेकंदांनी लाल डोळा मिचकावतोय. बाबांचा चेहरा एकदम उजळला, चोर सापडल्यासारखा.

“वीज चोरी होतेय! खालचा तो शिंपी! दिवसभर मशीन चालवतो, आणि तार आपल्या मीटरला जोडलीय त्याने!”

“अहो, थांबा तरी,” आई म्हणाली. पण बाबा दोन-दोन पायऱ्या उतरत गेलेसुद्धा.

आई स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत टेकली. घर अगदी गप्प होतं. एरवी पंख्यांच्या आवाजात बुडून जाणारा माझा आवाज आता एकटाच उरला होता. मी जिवाच्या आकांताने घरघरलो. इतकं वाजलो की माझ्या डोक्यावरची वाटी थरथरायला लागली!

आईने मान वर केली. “सगळं बंद आहे ना? मग हे काय वाजतंय?”

एवढ्यात मोजून कंटाळलेली भिंगरी आत आली. खिशातून पत्र काढलं, माझ्या दारात खोचलं आणि गिरकी घेऊन निघाली. सर्रकन पत्र खाली, थेट आईच्या पायाशी. पत्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आजी, तू ये.’

आई पत्राकडे बघत राहिली. मग माझ्या दाराकडे. मग तिने पाऊल हळूच पुढे सरकवून माझ्या खालच्या कोपऱ्याशी नेलं, आणि तिच्या घामेजलेल्या घोट्याला गार झुळूक लागली.

“भिंगरे! पळ, मीटरपाशी पळ! डोळा बघ!”

तिने हात लांब करून भिंतीवरचा माझा प्लग ओढला. मी गप्प झालो. घर गप्प झालं. आणि जिन्यातून अशी किंकाळी आली की कावळे उडाले असतील.

“मिटला! आई, लाल डोळा मिटला!”

किती महिन्यांनी कुणाला तरी माझं दुखणं कळलं होतं! माझ्यात वीज नव्हती, तरी मी आतून लखलखलो.

तेवढ्यात बाबा वर आले, आणि त्यांच्या मागोमाग गळ्यात टेप अडकवलेले शिंपीकाका, लालबुंद होऊन.

“मी चोर? अहो, माझं मशीन पायाने चालतं! बघायला चला खाली! आणि वाफेच्या इस्त्रीचं बिल मी दर महिन्याला रांगेत उभा राहून भरतो!”

“काका, चूक झाली. माफ करा यांना,” आई म्हणाली. “चोर घरातच होता. आणि चोर तरी कसला, बिचारा आजारी आहे.”

काकांचा राग माझं दार बघताच कुठल्या कुठे गेला. कारागीर माणूस! त्यांनी वाकून रबरावरून अंगठा फिरवला, अगदी त्या कारखान्यातल्या बाईसारखा. “आक्रसलंय हो हे. कापडासारखंच आहे. वाफ द्यायला हवी.”

पण खाली आवाज पोचला होता, आणि घरमालकीणबाईही वर आल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “म्हातारा झाला तो. भंगारवाल्याला देते आणि नवीन घेऊन देते. मात्र भाडं थोडं वाढवावं लागेल बरं का.”

भंगार! ज्यांनी मला पहिल्या पगारातून आणलं त्यांच्याच तोंडून! आणि भाडं वाढलं की आजीचं येणं पुन्हा तिथेच अडणार.

आई खुर्चीतून उठली. एक हात कमरेवर, एक हात माझ्या दारावर. “बाई, आम्हाला आजचा दिवस द्या. संध्याकाळी बघायला या. नाही जमलं तर न्या.”

मग काय धमाल उडाली म्हणून सांगू! माझ्या पोटातलं सामान शिंपीकाकांच्या फ्रिजमध्ये गेलं. भिंगरीने जुन्या टूथब्रशने रबराच्या घड्यांतली बुरशी घासली. बाबांनी गरम पाण्यात फडकी बुडवून रबराला शेक दिला, न थांबता, अपराधी चेहऱ्याने. काकांनी आपली वाफेची इस्त्री आणली आणि वीतभर अंतरावरून आक्रसलेल्या कोपऱ्याला वाफ सोडली. रबर मऊ पडलं की आई बोटांनी तो कोपरा बाहेर ओढून धरायची. “उलगड, रे बाबा, उलगड,” ती पुटपुटायची. आणि तो कोपरा हळूहळू उलगडला! वर व्हॅसलिनचा हात फिरला. माझ्या पुढच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या गेल्या, म्हणजे मी जरासा मागे रेललो आणि दार आपलं आपणच मिटायला लागलं.

पाच वाजता बाई आल्या. सगळे माझ्यासमोर ओळीने उभे. भिंगरीने तेच पत्र खालच्या कोपऱ्यात खोचलं आणि दार लावलं.

पत्र पडलं नाही.

“ओढ,” काका म्हणाले.

तिने ओढलं. पत्र हललं नाही. तिने दोन्ही पाय फरशीला रोवले, दात आवळले आणि सगळा जीव लावून ओढलं.

टर्र! पत्र मधोमध फाटलं. ‘आजी,’ तिच्या हातात आणि ‘तू ये’ माझ्या दारात!

 बाबांनी शिंपीकाकांना कडकडून मिठी मारली, काका “टेप, टेप, गळा आवळतोय!” म्हणून ओरडायला लागले, आणि घरमालकीणबाईंनी माझ्या पोच्यावरून हात फिरवला. “माझ्या पहिल्या पगाराचा आहे तो,” त्या म्हणाल्या. “राहू दे त्याला.” पत्र फाटल्यावर इतकी आनंदलेली माणसं मी कधी पाहिली नव्हती.

बाबांनी पेन घेतलं आणि यादीत सगळ्यात खाली लिहिलं, ‘फ्रिज — साठ.’ आईने बेरीज केली. दोनशे चाळीस. अगदी काठावर!

त्या महिन्यात एसी पुन्हा लागला, पण दोन तास म्हणजे दोनच तास. माझं दार उघडायच्या आधी काय घ्यायचंय ते ठरवायचं, हा भिंगरीचा नियम. बाबांनासुद्धा ती दम द्यायची. आणि मी? मी अर्धा तास चालायचो नि सुखाने डुलकी काढायचो. तिसरं बिल आलं तेव्हा पाकीट फोडायला कुणाचाच हात होईना. शेवटी भिंगरीने फोडलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला.

“दोन... दोन... आठ!”

दोनशे अठ्ठावीस! आईने माझ्या दाराला गाल टेकवला आणि रडली. हसत रडली.

फाटलेल्या पत्राचा ‘तू ये’ हा तुकडा आईने फोटो न काढता खऱ्याखुऱ्या पाकिटात घालून आजीला पाठवला. ‘आजी,’ हा तुकडा माझ्या दारावर, लिंबाच्या चुंबकाखाली राहिला.

आठवा महिना लागला आणि आजी आली. चपला काढून ती सरळ स्वयंपाकघरात आली, पर्समधून तिचा तुकडा काढला आणि माझ्या दारावर दुसऱ्या तुकड्याला जोडून लावला. मग चष्मा चढवून शेजारचा अंदाजाचा कागद वाचू लागली. पंखे, एसी, दिवे, इस्त्री, सगळ्यात खाली मी. आई तोवर ओट्याशी उभी राहून एका हाताने भांडं घासत होती, दुसऱ्याने भिंगरीची पाण्याची बाटली भरत होती.

“छान केलंत. सगळं धरलंत,” आजी म्हणाली. “आणि या घरात दिवसभर चालू असतं असं अजून एक राहिलंय की यादीत.”

“काय गं?” आईने वळून विचारलं.

आजीने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि तिला खुर्चीत बसवलं. “तू बस.”

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काही असेल, जे कधीच बंद होत नाही, म्हणून कुणाच्या मोजणीतच येत नाही. फ्रिज असेल तर आजच त्याच्या दारात कागदाची पट्टी धरून बघा, आणि त्याचं रबर पुसा. आणि माणूस असेल तर जवळ जाऊन कान द्या. ते काही बोलणार नाही, नुसतं हळू आवाजात चालू राहील. तुम्ही फक्त म्हणा, तू बस.